द्राक्षबागेंतील केवडा व मोरचुदाचें औषध

नाशिककडे ऑक्टोबरची छाटणी होऊन वेलीस नवी फूट येते, तोंच कित्येकदां आभाळ भरून पाऊस पडतो. अशा ओलसर हवेंत केवडा रोग बळावतो. पानांवर तेलकट पिवळे डाग पडतात, खालीं पांढरी लव दिसते, आणि कोंवळे घड वाळून वर्षाची मेहनत वायां जाते.

यावर बोर्डो मिश्रणाचा उपाय फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनीं १८८५ सालीं प्रसिद्ध केला. १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यांत विरघळवावा. १ किलो कळीचा चुना निराळ्या ५० लिटर पाण्यांत विरवून गाळावा. मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यांत ओतून ढवळावें. कोंवळ्या फुटीसाठीं मोरचूद व चुना निम्मेच घ्यावे. भांडें लोखंडी नसावें. घासलेला विळा मिश्रणांत बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढल्यास चुना वाढवावा, नाहीं तर पानें करपतील. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें.

हें औषध रोगास अटकाव करतें. पानांत शिरलेला रोग बरा करीत नाहीं. म्हणून डागांची वाट न पाहतां, पावसाचीं चिन्हें दिसतांच पानांच्या दोन्ही बाजूंस फवारणी करावी, असें आम्ही बागाईतदार बंधूंस आग्रहानें सुचवितों.