तण मारणारें औषध व तें सोसणारें बियाणें

आमच्या मुळशी तालुक्यांत आवणीस माणूस मिळणें किती दुर्मिळ झालें आहे, हें येथील खातेदारांस सांगावयास नको. हिंजवडी व पिरंगुट या बाजूंस कारखाने व कचेऱ्या झाल्यापासून तरुण मंडळी तिकडे गेली, इर्जिक मोडली, आणि भाताची जी बेणणी पूर्वीं घरचीं माणसें दोन वेळ पुरी करीत, ती आतां एक वेळही वेळेवर होत नाहीं. अशा स्थितींत एक फवारा मारला कीं गवत जळावें व भात मात्र तसेंच उभें राहावें, असें बियाणें मिळाल्यास हवें, अशी इच्छा होणें साहजिक आहे. ही विद्या थोतांड नव्हे. ती खरी आहे. परंतु ती अर्धी ऐकून वापरली म्हणजे काय होतें, हें आम्हीं गेल्या खरिपांत आपल्या डोळ्यांनीं पाहिलें.

आमच्या भावकींतील एका पुतण्याचीं वीस गुंठे खाचरें आहेत. त्यांत इंद्रायणी लावलेली होती. त्याच्या सासुरवाडीस सोयाबीन करितात. तेथें इमॅझेथापायर नांवाचें औषध फवारलें असतां गवत वाळतें व सोयाबीन हिरवें राहतें, हें त्यानें पाहिलें. उरलेली अर्धी बाटली तो घेऊन आला. आणि भातालाही हेंच औषध चालतें अशी बातमी मोबाइलवर वाचली आहे, असें म्हणून आवणीनंतर तिसऱ्या आठवड्यांत त्यानें ती पंपांत ओतली. पहिले चार दिवस कांहींच दिसलें नाहीं. मग मधलें कोवळें पान पिवळें पडलें, फुटवे थांबले, आणि महिना भरण्याच्या आंत खाचर बसलें. गवत मेलें खरें, पण वर्षाचें खाण्याचें भात व पुढील सालचें बियाणें दोन्ही त्याबरोबर गेलीं.

"काका, याचा पंचनामा होईल का?" असें विचारीत तो आमच्याकडे आला. महसूल खात्यांत आमची सारी नोकरी कारकुनींत गेली; अतिवृष्टीचे व गारपिटीचे पंचनामे आम्हीं पुष्कळ लिहिले. आम्हीं चष्मा लावून बाटलीवरील लेबल वाचलें. पिकांचीं नांवें होतीं सोयाबीन व भुईमूग. भाताचें नांव कोठेंही नव्हतें. दुकानदारास बोल लावावा तर त्यानें तें भातासाठीं दिलेलें नव्हतें. पंचनाम्यांत आम्ही लिहिणार काय?

आतां मोबाइलवरील ती बातमी खोटी होती काय? तर नाहीं. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें पुसा बासमती १९७९ व पुसा बासमती १९८५ असे दोन वाण २०२१ सालीं प्रसिद्ध केले. पहिला पुसा बासमती ११२१ पासून व दुसरा १५०९ पासून काढलेला. या दोहोंस इमॅझेथापायर सोसतें. यांत परक्या जिवाचा जनुक घातलेला नाहीं. नगिना २२ या जुन्या भाताच्या बियाण्यावर रासायनिक संस्कार करून जो बदल मिळाला, तो नेहमींच्या संकरानें बासमतींत आणला आहे. परंतु हे वाण उत्तरेकडील बासमतीच्या मुलखासाठीं, आणि तेही मुख्यतः चिखलणी व आवणी न करितां थेट पेरावयाच्या भातासाठीं योजिलेले आहेत. इंद्रायणी ही आयआर ८ व आंबेमोहर १५७ यांच्या संकरांतून वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांत निघाली व १९८७ सालीं प्रसारित झाली. तिच्या अंगीं हा गुण नाहीं. आंबेमोहरांतही नाहीं. बातमींतील भात निराळें आणि आमच्या खाचरांतील भात निराळें, एवढेंच पुतण्याच्या ध्यानांत आलें नाहीं.

कारण समजलें म्हणजे मनुष्य फसत नाहीं, म्हणून थोडें सांगतों. झाडास व्हॅलिन, ल्युसिन व आयसोल्युसिन हीं अमिनो आम्लें स्वतः तयार करावीं लागतात. त्यासाठीं त्याच्या अंगांत एक विकर असतें. इमॅझेथापायर त्या विकरास जाऊन चिकटतें व काम बंद पाडतें. वाढ जेथें चालू असते तेथें प्रथम उपासमार होते, म्हणून कोवळें पान आधीं पिवळें पडतें. सोयाबीन वांचतें तें औषध आपल्या अंगांत लवकर मोडून टाकतें म्हणून. नवे बासमती वांचतात ते त्यांच्या विकराची घडणच बदलली आहे म्हणून. यावरून असें दिसतें कीं, सोसण्याचा गुण ठराविक वाणाचा ठराविक औषधापुरता असतो. पुसा बासमती १९७९ वर ग्लायफोसेट मारल्यास तोही मरेल.

ग्लायफोसेटचें नांव निघालें म्हणून कापसाची गोष्ट सांगणें भाग आहे. विदर्भांत एचटीबीटी या नांवानें कापसाचें जें बियाणें चोरून विकलें जातें, त्यांत ग्लायफोसेट सोसण्याचा जनुक बाहेरून घातलेला असतो. असें बियाणें १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांप्रमाणें केंद्राच्या समितीच्या मंजुरीवांचून विकतां वा लावतां येत नाहीं. बीटी कापसास ती मंजुरी २००२ सालीं मिळाली. या तणनाशक सोसणाऱ्या कापसास मिळालेली नाहीं. त्याविषयींचा एक अर्ज कंपनीनें २०१६ सालीं मागें घेतला. १० जून २०१९ रोजीं अकोला जिल्ह्यांत अकोली जहांगीर येथें शेतकरी संघटनेच्या मंडळींनीं तें उघडपणें पेरून सत्याग्रह केला. शेतकऱ्यास नवी विद्या मिळावी, ही त्यांची मागणी आम्हांस अगदींच गैर वाटत नाहीं. पण चोरटें पुडकें विकत घेणाऱ्यापाशीं पावती नसते, आणि उगवण झाली नाहीं तर दाद कोणापाशीं मागावी, याचें उत्तर त्या आंदोलनानें दिलेलें नाहीं. शिवाय ग्लायफोसेट हें आपल्या देशांत चहाचे मळे व पीक नसलेली जागा यांपुरतेंच मंजूर होतें. ऑक्टोबर २०२२ मध्यें केंद्र सरकारनें अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रणाचा परवाना असणाऱ्यांकडूनच व्हावा असें ठरविलें.

कागदाविषयीं आमचा आग्रह आमच्या जुन्या धंद्यामुळें असेल, पण तो सोडूं नये. प्रमाणित बियाण्यास निळी चिठ्ठी असते, सत्यप्रत बियाण्यास हिरवट. चिठ्ठीवर वाणाचें नांव व लॉट क्रमांक पाहावा, आणि तोच क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा; १९८३ च्या बियाणें नियंत्रण आदेशानें दुकानदारास पावती देणें बंधनकारकच आहे. पिशवी, चिठ्ठी व मूठभर बी सुगीपर्यंत जपून ठेवावें. तक्रार तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढें जाते, तेव्हां प्रथम हेंच मागतात. औषधाचा कायदा १९६८ चा; त्याखालीं प्रत्येक औषधाची नोंद पिकावार असते. म्हणून लेबलावर आपल्या पिकाचें नांव नसेल तर तें औषध आपल्यासाठीं नाहीं असें समजावें. येथें एक गैरसमज फार आढळतो. बाटलीवरील तांबडा, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण मनुष्यास होणाऱ्या विषबाधेचें प्रमाण दाखवितो, पिकाच्या सुरक्षिततेचें नव्हे. पुतण्यानें रंग पाहून "सौम्य आहे" असें मानलें होतें.

मग आमच्या खाचरांत करावें काय? आवणीच्या भातासाठीं प्रेटिलाक्लोर पन्नास टक्के हें औषध मंजूर आहे. तें गवत उगवण्यापूर्वीं, आवणीनंतर तीन ते पांच दिवसांत, खाचरांत थोडें पाणी असतांना द्यावें. हेक्टरी एक ते दीड लिटर व पाणी पांचशे लिटर धरिल्यास दहा गुंठ्यांस शंभर ते दीडशे मिलिलिटर औषध व पन्नास लिटर पाणी लागतें. म्हणजे सोळा लिटरच्या पंपास तीस ते पन्नास मिलिलिटर. झांकणानें अंदाजें ओतूं नये, मापानेंच घ्यावें. उगवलेल्या गवतासाठीं बिस्पायरीबॅक सोडियम भातांत चालतें. पण हें व इमॅझेथापायर दोन्ही त्याच एका विकरावर घाव घालतात. यास्तव औषध बदललें असें म्हणून एकामागून दुसरें वापरणें म्हणजे नांव बदलणेंच होय. एकास दाद न देणारें तण दुसऱ्यासही बहुधा देत नाहीं. अमेरिकेंत असेंच तणनाशक सोसणारें भात २००२ पासून लावूं लागले. थोड्याच वर्षांत शेजारच्या रानटी तांबड्या भातांत परागांच्या वाटेनें तोच गुण शिरला, आणि ज्या तणासाठीं खटाटोप केला तेंच औषधास न जुमानणारें झालें.

आमच्या डोंगरउताराची अडचण आणखी निराळी. येथें वरच्या खाचराचें पाणी खालच्यांत उतरतें. वरच्यानें औषध मारून त्याच दिवशीं बांधाची वाट मोकळी केली तर खालच्याचा आंबेमोहर विनाकारण सोसतो, आणि तें पाणी शेवटीं मुळेस मिळतें. फवारणीनंतर दोन-तीन दिवस वाट बंद ठेवावी व खालच्या खातेदारास आधीं कळवावें. तोंडास फडकें, हातांत मोजे आणि वाऱ्याकडे पाठ, हें तर यवतमाळांत २०१७ सालीं फवारतांना जीं माणसें दगावलीं त्यांची आठवण ठेवून करावेंच.

पुतण्यानें यंदा आमच्याकडून इंद्रायणीचें बियाणें उसनें नेलें आहे. राब भाजून झाला आहे. बेणणीसाठीं चार घरें मिळून पुन्हां इर्जिक घालावी, असें त्यानें सुचविलें असून दोन घरांनीं होकार दिला आहे. ती अर्धी बाटली मात्र अजून त्याच्या गोठ्याच्या आढ्यास टांगलेली आहे. सासुरवाडीस परत पाठवावी असें आम्ही त्यास दोनदां सांगितलें.