गुरुवारची दोस्ती

गुरुवारी संध्याकाळी नागपूरच्या उमरेड रोडवरच्या ताजबागला गेलं की गर्दीच्या आधी वास येतो. गुलाबाचा, लोबानचा, आणि मधूनच बाहेरच्या गाड्यांवरच्या तेलाचा. चादर घेऊन निघालेल्या एका कुटुंबाने तिचे चार कोपरे चौघांत वाटून घेतले होते. त्यातल्या आजीबाईंच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. नागपूरकराला यात नवल वाटत नाही.

मला तिथे नेणारा ऑटोवाला दर गुरुवारी जातो. काय मागता, असं विचारलं तर हसला.

"मागाले नाही जात भाऊ. सांगाले जातो. हप्त्याभराचं."

"आणि बाबा काय म्हणतात?"

"ते काय म्हन्तीन? आयकते. पन मंग शुक्रवारी सवारीले उगाच दहा रुपये जास्ती मांगाची हिंमत नाही होत."

देवाशी मैत्री या विषयावर लिहायचं म्हणून मी चार पुस्तकं काढून ठेवली होती. त्यांतलं बरंचसं या माणसाने सिग्नलवर उभ्या उभ्या सांगून टाकलं.

ज्यांच्याकडे तो जातो ते ताजुद्दीन बाबा. त्यांना 'औलिया' म्हणतात. आपण हा शब्द एकवचनीच वापरतो, पण तो मुळात 'वली'चं अनेकवचन आहे, आणि वली म्हणजे निकटचा, मित्र. कुराणाच्या दहाव्या सुऱ्यात अल्लाहच्या या मित्रांची ओळख थोडक्यात दिली आहे: त्यांना भय नाही, दुःख नाही, आणि ते कोण, तर ज्यांनी श्रद्धा ठेवली आणि जे त्याचं भान राखून वागले. चमत्कारांचा तिथे उल्लेखही नाही. इब्राहिमला तर 'खलील' म्हणजे जिवलग असंच म्हटलं आहे. त्यांची कबर ज्या हेब्रॉन शहरात मानली जाते, त्याचं अरबी नावच अल-खलील आहे. बायबलमध्येही हाच पुरुष, अब्राहाम या नावाने, देवाचा मित्र म्हणवला जातो.

बाबांचा जन्म २७ जानेवारी १८६१ चा, कामठीचा. आईवडील लवकर गेले, तरुणपणी ते पलटणीत भरती झाले. पलटण सागरला असताना रात्र रात्र दाऊद चिश्तींच्या दर्ग्यावर काढायचे, आणि एक दिवस नोकरीच सोडून आले, असं भक्त सांगतात. मला हा प्रसंग त्यांच्या नावावरच्या सगळ्या चमत्कारांपेक्षा मोठा वाटतो. हुकूम पाळणं हाच ज्याचा पेशा, त्याने एका हुकमातून सुटून स्वतःला दुसऱ्याच्या हवाली केलं. कामठीच्या लोकांना त्यात वेड दिसलं. १८९२ साली त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं गेलं आणि पुढची सोळा वर्षं ते तिथेच राहिले. लोक दर्शनाला तिथेच जायला लागले. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याच्या वाड्यात नेलं. भोसले घराण्यातल्या हिंदू राजाच्या घरी एक मुसलमान फकीर पाहुणा नव्हे, दैवत म्हणून राहिला. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबा गेले.

देवाशी असलेल्या या मैत्रीला मराठीत सख्य म्हणतात. नवविधा भक्तीत त्याचा क्रमांक आठवा, दास्याच्याही पुढचा. म्हणजे चाकरी शिकल्याशिवाय मैत्रीच्या वर्गात प्रवेश नाही. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकातला आठवा समास यालाच दिला आहे. समर्थांचं म्हणणं व्यवहारी आहे: देवाला जे आवडतं ते आपण करायला लागावं, सख्य आपोआप जुळतं. मनासारखं झालं नाही म्हणून तुटते ती मैत्रीच नव्हे, असंही ते बजावतात. नवस फेडताना आपण देवाशी जे वागतो, त्याला सख्य म्हणायचं की उधारीचं खातं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

नामदेवांची गोष्ट इथे आठवतेच. विठ्ठल त्यांच्या हातचा नैवेद्य खातो, त्यांच्याशी बोलतो. यापेक्षा जवळचं काय असणार? तरी संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने डोकी तपासली तेव्हा कच्चं मडकं निघालं ते नामदेवांचंच. रुसून ते विठ्ठलाकडे गेले, तर मित्राने बाजू घेतली नाही. त्याने औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जायला सांगितलं. नामदेव गेले. लाडका सखा होता तोवर जे उमगलं नव्हतं, ते सांगितलेलं ऐकल्यावर उमगलं, अशी ही कथा.

पण मग आज्ञा पाळायचीच, तर मित्र आणि नोकर यांत फरक काय? गीतेत याचं उत्तर सापडतं. चौथ्या अध्यायात कृष्ण म्हणतो, तू माझा भक्त आणि सखा आहेस म्हणून हे गुपित तुला सांगतो. अकराव्यात विश्वरूप पाहून अर्जुनाला घाम फुटतो. जेवताखाताना केलेल्या थट्टेची तो माफी मागतो आणि आधीचंच रूप दाखव म्हणून विनवतो. आणि अठराव्यात सगळं सांगून झाल्यावर कृष्ण म्हणतो, नीट विचार कर आणि मग तुला हवं ते कर. त्यानंतरच अर्जुन 'तू म्हणशील तसं करतो' म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना तेच सांगतो: तुम्हाला आता दास म्हणत नाही, कारण धनी काय करतो ते दासाला कळत नसतं. नोकराला हुकूम मिळतो, मित्राला कारण कळतं. आणि कारण कळलं की पळवाट उरत नाही, म्हणून मैत्री चाकरीपेक्षा अवघड.

किती अवघड, ते नारायण वामन टिळकांच्या घराने भोगलं. अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने टिळक काही काळ नागपुरात संस्कृत ग्रंथांचं काम करत होते. पुढे १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरात बायको लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू. पाचेक वर्षं नवराबायको वेगळे राहिले. पटलेलं पाळताना टिळकांनी एकट्याची नाही, तिघांची किंमत मोजली, आणि त्याबद्दल त्यांना सहज माफ करावंसं लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना मला कधी वाटलेलं नाही.

लक्ष्मीबाईंचं मात्र पाहा. नवरा गेला म्हणून त्या मागोमाग गेल्या नाहीत. सोवळंओवळं सांभाळत राहिल्या, वाद घातले, आणि एका प्रवासात जातिभेद देवाने केलेलाच नाही हे त्यांचं त्यांना पटलं. मग कोणाच्याही हातचं पाणी प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. त्यांनाही आधी कारण कळावं लागलं. टिळक स्वतः तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही त्यात चालणार होते. दोन वर्षांत, ९ मे १९१९ ला, टिळक वारले.

परतताना तोच ऑटो मिळाला. दर गुरुवारी म्हणजे एकही चुकला नाही का, असं मी सहज विचारलं. तो थोडा वेळ गप्प गाडी चालवत राहिला. मेडिकल चौकाच्या अलीकडे म्हणाला,

"मागं दोन गुरुवार नाही गेलो भाऊ. रातच्याले एक म्हातारी सवारी भेटली होती टेशनावर. परगावची. तिच्याजोळून दोनशे घेतले. आता तोंड काय घेऊन जाव?"

"मग तिसऱ्या गुरुवारी?"

"गेलो ना. सांगतलं. ते तं आयकतेच."

मीटर बंदच होतं. पैसे त्याने ठरल्यापेक्षा दहा कमी घेतले, आणि का ते सांगितलं नाही.