विश्लेषण : इंग्रजीचा तास यशस्वी केव्हा होतो?

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही दहावीपर्यंत पोहोचलेली अनेक मुले इंग्रजीत सलग दोन वाक्ये बोलताना अडखळतात. धडा वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा आणि उत्तरे लिहून द्यायची, या पद्धतीला पर्याय काय? त्याचे एक उत्तर चार दशकांपूर्वी भारतातच शोधले गेले.

‘बंगलोर प्रकल्प’ काय होता?

भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत हा प्रयोग केला. लक्ष अर्थाकडे असताना भाषा अधिक चांगली रुजते, ही त्यामागची धारणा. त्यामुळे अभ्यासक्रमात शब्दांची किंवा व्याकरणाची यादी नव्हती. त्याऐवजी नकाशे, वेळापत्रके यांवर आधारलेली, डोके चालवायला लावणारी कामे होती. प्रभू यांचे त्यावरील पुस्तक १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. कृती-आधारित भाषाशिक्षणाची चर्चा आजही या प्रकल्पाशिवाय पूर्ण होत नाही.

असा तास कसा चालतो?

समजा, फळ्यावर दोन गाड्यांच्या वेळा आहेत. पहिली ६.१० ला सुटून ९.४० ला पोहोचते, दुसरी ७.१५ ला सुटून १०.२५ ला. मुलाखत साडेदहाला आहे आणि स्थानकापासून कार्यालय २० मिनिटांवर. कोणती गाडी पकडावी? शिक्षक इंग्रजीत प्रश्न विचारत हे कोडे साऱ्या वर्गासोबत सोडवतात. मग मुलाखत अकराला ढकलली तर काय, असे तशाच स्वरूपाचे दुसरे काम प्रत्येकाने स्वतः करायचे. उत्तर शोधण्यासाठी मुलांना इंग्रजी ऐकावे आणि वाचावेच लागते.

काम सोपे की अवघड, हे कसे ठरवायचे?

प्रभू यांचा ठोकताळा साधा होता. वर्गातील किमान निम्म्या मुलांना किमान निम्मे काम जमले, तर पातळी योग्य. सगळ्यांना सगळे जमले तर आव्हान उरत नाही आणि मोजक्यांनाच जमले तर बाकीचे प्रयत्न सोडतात.

चुकांचे काय?

चुकीचे वाक्य आले की शिक्षक ते बोलण्याच्या ओघात दुरुस्त करून पुढे जात. तास थांबवून नियम समजावला जात नसे. विशेष म्हणजे गटकार्यावर भर नव्हता. गट पाडायला जागा नसलेल्या, खच्चून भरलेल्या वर्गांसाठी ही बाब महत्त्वाची आहे.

परिणाम काय दिसला?

अ‍ॅलन बेरेटा आणि अ‍ॅलन डेव्हिस यांचे मूल्यमापन १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. सुट्या व्याकरणाच्या चाचणीत पारंपरिक वर्ग सरस ठरले, तर शिकलेली भाषा वापरावी लागणाऱ्या चाचण्यांत प्रकल्पातील मुले. म्हणजेच जे शिकवले, ते आले.

परीक्षेचे ओझे असताना हे शक्य आहे?

दहावीला ८० गुणांची लेखी परीक्षा असते, त्यामुळे शिक्षकांना धडे संपवण्याची घाई असते. पण त्याच प्रश्नपत्रिकेत अपठित उतारा आणि तक्त्यातील माहितीवरून लेखन विचारले जाते. पाठ केलेले उत्तर तिथे उपयोगी पडत नाही. त्यामुळे आठवड्यातील एखादा तास अशा कामांना दिला, तर तो परीक्षेच्या तयारीतून वजा होत नाही. तास संपल्यावर पाहायचे एवढेच : शिक्षक किती बोलले यापेक्षा, किती मुलांनी इंग्रजीच्या आधारे स्वतः काही सोडवले.