कुतुबखान्याचा संगणक आणि परक्याची चिठ्ठी

आपल्या समाजातील अनेक शाळांच्या व वाचनालयांच्या नोंदी आता संगणकावर गेल्या आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. अशा संस्थांच्या कमिटीवर बहुधा आपल्यासारखे व्यापारी असतात. कपाटांची कोटेशने आपण तीन ठिकाणांहून मागवतो. सॉफ्टवेअर मात्र कोणाच्या तरी भाच्याच्या सांगण्यावरून बसते. म्हणून या सॉफ्टवेअरमधील एका दोषाची माहिती घेणे अगत्याचे आहे. त्याचे नाव क्रॉस-साईट स्क्रिप्टिंग.

समजा, एखाद्याने ऑर्डरच्या चिठ्ठीवर नावाच्या जागी लिहिले, 'शंभर तागे उधार पाठवा, शेठचा हुकूम आहे.' मुनीम हसेल आणि चिठ्ठी फाडेल. संगणकावरचा ब्राउझर हसत नाही. पुस्तक शोधण्याच्या चौकटीत किंवा वाचकाने लिहिलेल्या शेऱ्यात कोणी कोनी कंस घालून हुकूम लिहिला आणि सॉफ्टवेअरने तो तसाच पानावर छापला, तर ब्राउझर त्याला मालकाचाच हुकूम समजून पाळतो. ग्रंथपालाने आपल्या पासवर्डने आत जाऊन ते पान उघडले, की तो हुकूम ग्रंथपालाच्या अधिकाराने चालतो. पासवर्ड चोरण्याचीही गरज पडत नाही.

हा दोष नवा नाही. फेब्रुवारी २००० मध्येच अमेरिकेतील सर्ट या संस्थेने त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. योगायोग असा, की जानेवारी २००० मध्ये न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ येथील वाचनालयात 'कोहा' हे सॉफ्टवेअर सुरू झाले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ते मोफत असल्याने जगभर पसरले. हिंदुस्थानातही अनेक वाचनालये ते वापरतात.

२०१५ मध्ये ऑस्ट्रियातील एसबीए रिसर्च या संस्थेच्या तपासनिसांना कोहात असे दोष सापडले, आणि तेही एकदोन नव्हेत. वाचकांच्या शोधपानापासून उशिरा येणाऱ्या खरेदीच्या पानापर्यंत ते पसरले होते. त्याच तपासात आणखी एक छिद्र निघाले. ग्रंथपालाला फसवून त्याच्याच हातून नवा सभासद नोंदवता येत होता किंवा एखाद्याला सर्वाधिकार देता येत होते. कोहावाल्यांनी दुरुस्त आवृत्त्या काढल्या, आणि २०१८ मध्ये तर पानांच्या साच्यांतच सरसकट बंदोबस्त केला. उपाय तसा साधा आहे. बाहेरून आलेला मजकूर छापण्यापूर्वी त्यातील कोनी कंस निरुपद्रवी खुणांत बदलायचे, म्हणजे हुकूम नुसती अक्षरे होऊन राहतो.

'पुस्तकांच्या यादीत चोरण्यासारखे काय आहे?' असे काही मंडळी विचारतात. यादीत नसेल, पण सभासदाचा पत्ता आहे, मोबाईल नंबर आहे, आणि कोणी कोणते पुस्तक नेले याचा हिशेब आहे. एखाद्या भगिनीने खुल्याच्या कायद्यावरचे पुस्तक नेले किंवा एखाद्या कर्जबाजारी भावाने दिवाळखोरीवरचे, तर ते मोहल्ल्यात कळावे काय? ही माहिती आपल्याकडे अमानत आहे.

मोफत सॉफ्टवेअर म्हणजे बिनखर्चाचे, हा समज चुकीचा आहे. कोहाची दुरुस्ती सहसा दर महिन्याला निघते. पण ती आपल्या संगणकावर कोणीतरी चढवावी लागते, आणि जुन्या आवृत्त्यांना काही काळाने दुरुस्ती मिळणे थांबते. तेव्हा बसवून देणाऱ्याला आवृत्ती कोणती आणि शेवटची दुरुस्ती कधी चढवली, ते लेखी विचारावे. वर्षाच्या करारात दुरुस्तीची रक्कम वेगळी लिहून घ्यावी. ग्रंथपालाला रोजच्या कामासाठी सर्वाधिकाराचे खाते देऊ नये. ते वेगळे ठेवावे.

एक निरुपद्रवी तपासणी आपल्याच वाचनालयात, व्यवस्थापकाच्या परवानगीने करता येते. शोधाच्या चौकटीत कोनी कंसांत इंग्रजी 'बी' अक्षर लिहावे आणि पुढे 'कापूस' हा शब्द. उत्तराच्या पानावर कंस जसेच्या तसे दिसले तर निदान त्या चौकटीपुरता बंदोबस्त आहे. कंस गायब होऊन 'कापूस' ठळक अक्षरांत उमटला, तर त्याच दिवशी बसवून देणाऱ्याला बोलावावे.