चाकांवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, तसें आमचें चाकांवर. सहा माणसांस निजतां येईल, दोन्ही वेळचा स्वयंपाक होईल आणि कोणाच्या दारीं न जातां तीन दिवस काढतां येतील, अशी एक मोटार आमच्या थोरल्या बंधूंनीं हौसेनें तयार करविली होती. मूळची ती जुनी प्रवासी गाडी. परिवहन कार्यालयाची रीतसर मंजुरी घेऊन तींत फळ्यांचे पलंग, पाण्याची टांकी, गॅसची शेगडी आणि कोपऱ्यांत चिमुकलें शौचगृह बसविलें. सरकारी कागदांत तिला कॅराव्हॅन म्हणतात; आमच्या घरांतील मुलांनीं तिचें नांव ‘घरगाडी’ ठेविलें व तेंच रूढ झालें. दर वर्षीं पावसाच्या तोंडावर तींत बसून भंडारदऱ्यास जावयाचें, असा आमचा नेम होता. परगांवच्या वाचकांस आमचा जिल्हा (२०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे, जिभेवर मात्र अद्यापि नगरच येतें) बहुधा शिर्डी आणि शनिशिंगणापूर एवढ्यावरूनच ठाऊक असतो. अकोले तालुक्यांतील डोंगर त्यांनीं एकदां अवश्य पाहावे.

२५ मार्च २०२० रोजीं सारा देश बंद झाला, आणि घरगाडी अंगणांतील आंब्याखालीं जी उभी राहिली ती दोन वर्षें हलली नाहीं. एका जिल्ह्यांतून दुसऱ्यांत जावयास परवाना लागूं लागला. तो सप्टेंबरांत गेला आणि २०२१ च्या एप्रिलांत पुन्हां आला. त्याच एप्रिलांत आमचे थोरले बंधु गेले. इस्पितळाच्या दारापर्यंत त्यांस पोंचविलें, तेंच शेवटचें दर्शन. तेराव्या दिवशीं घरीं आम्ही घरचींच माणसें होतों.

मौज अशी कीं, आमची गाडी अंगणांत गंजत होती त्याच काळांत जगांत इतरत्र अशा गाड्यांस कधीं नव्हे तेवढी मागणी आली. एकट्या अमेरिकेंत २०२१ सालीं कारखान्यांतून सहा लाखांवर फिरतीं घरें बाहेर पडलीं. आपल्या राज्य सरकारनेंहि त्याच वर्षीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. कारण उघड होतें. आपला बिछाना, आपलें पाणी, आपलें न्हाणीघर. कोणास शिवावयास नको. हें ऐकून आमच्या मातुःश्री हंसल्या. त्यांच्या आजेसासूबाई काशीस गेल्या त्या स्वतःची घागर आणि स्वतःची चूल बरोबर घेऊन; वाटेंत कोणाच्या हातचें पाणी म्हणून त्यांनीं घेतलें नाहीं. पुढच्या दोन पिढ्यांनीं त्या सोवळ्याशीं भांडून घर मोकळें केलें, आणि आतां तेंच सोवळें तोंडावर पट्टी बांधून परत आलें. आजच्या सोवळ्यास खरें कारण होतें व त्या वेळच्यास नव्हतें, हा भेद आम्ही जाणतों. संवय मात्र दोहोंचीहि सारखीच लागते. मातुःश्रींनीं दोन वर्षें घरच्या भांड्यावांचून दुसऱ्या भांड्यास ओंठ लाविला नव्हता.

७ ऑक्टोबर २०२१ रोजीं, घटस्थापनेस, राज्यांतील देवळें उघडलीं. आम्ही त्याच दिवशीं निघावयाचें ठरवून बसलों होतों. परंतु राज्य मोकळें होत असतां आमच्या जिल्ह्यांत रोगी वाढत होते; म्हणून ४ तारखेपासून १३ तारखेपर्यंत जिल्ह्यांतील ६१ गांवें बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. आम्ही जेथें पहिला मुक्काम करणार, तें गांव त्या यादींत होतें. आमचे चिरंजीव म्हणाले, “रस्ता बंद नाहीं, गांव बंद आहे. आपण गांवांत शिरणारच नाहीं. पाणी आपलें, अन्न आपलें; मग अडतें कोठें?”

वहिनी पोह्यांचा डबा हातांत घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “आणि पाणी संपल्यावर मागणार कोणाकडे?” एवढें बोलून त्यांनीं भरलेला शिधा एकेक करून परत फडताळांत लाविला. चिरंजीव दोन दिवस रुसले होते.

२ एप्रिल २०२२ रोजीं गुढीपाडवा होता. त्याच सुमारास साथीचे सारे निर्बंध राज्यानें उठविले. आतां गाडी उठवावयाची होती, आणि तें काम सोपें नव्हतें. ज्यांच्या दारीं अशी गाडी उभी असेल त्यांच्यासाठीं चार शब्द सांगतों. आमची बॅटरी मेली होती. उंदरांनीं दिव्याच्या तारा कुरतडल्या होत्या. टायरांची नक्षी नव्यासारखी दिसत होती. परंतु बाजूंस बारीक चिरा पडल्या होत्या. असे टायर बदलावेच, त्यांत काटकसर करूं नये. गॅसची रबरी नळी नवी घालून जोडावर साबणाचा फेंस लाविला व बुडबुडा येत नाहीं हें पाहिलें. पाण्याची टांकी ब्लीचिंग पावडरीनें धुऊन तीन वेळां रिकामी केली, तेव्हां कुठें वास गेला. मोटारींच्या कागदपत्रांस साथीच्या काळांत सरकारनें पुनःपुन्हां सवलत दिली होती. ती मुदत ३१ ऑक्टोबर २०२१ रोजींच सरली होती. तेव्हां योग्यतेचा दाखला आणि विमा नव्यानें करणें आलें.

खरा प्रश्न निराळाच होता. ही गाडी आजवर बंधूंवांचून कोणीं चालविली नव्हती. आम्ही लहान मोटार चालवितों. पण घाटांतील वळणावर एवढें धूड हांकावयाचें, हें आमच्या छातीस पेलेना. वहिनींनीं कोणास न सांगतां पहाटे एका शिक्षकाबरोबर मैदानावर सराव सुरू केला होता. निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं किल्ली त्यांनींच मागून घेतली.

जूनच्या पहिल्या आठवड्यांत, गर्दी टाळावी म्हणून मुद्दाम बुधवारीं, आम्ही निघालों. कोल्हारास प्रवरा भेटते. तेथून लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असें नदीच्या उगमाकडे चढत जावयाचें. खालीं उसाचे मळे. मग हळूहळू डोंगर जवळ येतात आणि शेंडीस पोंचल्यावर १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण समोर उभें राहतें. पलीकडे कळसूबाईचें शिखर, १६४६ मीटर. राज्यांत याहून उंच दुसरें नाहीं. वहिनी संपूर्ण वाटेंत फारसें बोलल्या नाहींत. त्यांच्या शेजारीं बंधूंची मुक्कामांची वही ठेविलेली होती.

त्या वहींत तलावाकांठच्या एका वाडीची नोंद अशी होती : “वाडीच्या अलीकडे, जांभळीखालीं. विहिरीचें पाणी गोड. मालकीणबाईंस विचारल्यावांचून चाक टेकूं नये. दूध त्यांच्याकडूनच घ्यावें. मैल्याची टांकी येथें उघडूं नये, खालीं प्रवरा आहे.”

वहिनींनीं गाडी रस्त्यावरच थांबविली आणि त्या चालत गेल्या. बाई अंगणांत होत्या. त्यांनीं पदर तोंडाशीं धरला. वहिनीहि चार हात दूरच उभ्या राहिल्या. दोन वर्षांची संवय दोघींच्याहि पायांत होती. बाईंनीं गाडीकडे पाहून विचारलें, “थोरले दादा न्हाई आले औंदा?”

वहिनींनीं नुसती मान हलविली.

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आमचे मालक बी त्याच चैतात गेले.” पहिल्या वर्षीं वाडीनें रस्त्यावर काट्या घातल्या होत्या, बाहेरचें कोणी येऊं नये म्हणून. पण मजुरीस बाहेर गेलेलीं आपलींच माणसें परत आलीं, तर त्यांस काट्यांबाहेर कसें ठेवावयाचें? तें सारें त्यांनीं उभ्याउभ्यानेंच सांगितलें. मग त्या आंत गेल्या. आम्हांस वाटलें, आतां नको म्हणतील. त्या आल्या त्या चहाचे पेले घेऊन. आमच्याजवळ आमचे पेले होते, शेगडी होती, सर्व कांहीं होतें. मातुःश्रींनीं हात पुढें केला, पेला घेतला आणि तेथेंच ओट्यावर बसून त्या चहा प्याल्या.

अंधार पडल्यावर काजवे लागले. हिरडा, बेहडा, जांभूळ यांचीं झाडेंच्या झाडें एका तालावर उजळत आणि मालवत होतीं. नर आपल्या प्रकाशाच्या उघडझांपीनें मादीस खूण करतो. मोटारीचा दिवा लागला कीं ती खूण तिला दिसत नाहीं. दोन वर्षें या रानांत रात्रीं मोटार फारशी फिरकली नव्हती. आतां शनिवार-रविवारीं दिव्यांची रांग लागते, असें बाईंनीं सांगितलें, आणि त्यांच्या नातवानें तींतच चहा-भजीं विकून शाळेच्या वह्या घेतल्या, हेंहि सांगितलें. आमच्या चिरंजीवांनीं कोणीं न सांगतां गाडींतील सारे दिवे मालविले. वहिनी बराच वेळ बाईंजवळ ओट्यावरच बसून होत्या.

सकाळीं निघतांना त्यांनीं वही उघडली आणि बंधूंच्या नोंदीखालीं तारीख घालून लिहिलें, “पाणी अजून गोड. पुढच्या वेळीं यांच्या नातवास वह्या आणणें.”