गेम डेव्ह टायकून आणि सॉफ्टवेअर चाचेगिरी

गेम डेव्ह टायकून हा ऑस्ट्रेलियातील ग्रीनहार्ट गेम्स या छोट्या कंपनीचा संगणकीय खेळ आहे. पॅट्रिक आणि डॅनियल क्लुग हे दोघे भाऊ कंपनीचे संस्थापक होत. १९८० च्या दशकात गॅरेजमध्ये सुरू केलेली गेम-निर्मिती कंपनी नावारूपाला आणणे, हे यात खेळाडूचे काम असते. सॉफ्टवेअर पायरसी, म्हणजेच चाचेगिरीविषयी निर्मात्यांनी केलेल्या प्रयोगामुळे हा खेळ विशेष चर्चेत आला.

एप्रिल २०१३ मध्ये विंडोज, मॅक व लिनक्ससाठीची आवृत्ती सुमारे ८ डॉलरला विक्रीस आली. तिला कोणतेही प्रत-संरक्षण नव्हते. परवाना क्रमांक किंवा इंटरनेटवरून होणारी पडताळणी यांचा जाच पैसे मोजणाऱ्या ग्राहकालाच अधिक होतो. हे संरक्षण एकाने जरी निकामी केले, तरी त्या प्रतीच्या हजारो प्रती विनाखर्च पसरतात. लहान विकसकाला अशा यंत्रणेची सतत डागडुजी करणे सहसा परवडत नाही.

विक्री सुरू होताच काही मिनिटांत क्लुग बंधूंनी स्वतःच एक 'क्रॅक' केलेली प्रत टोरेंटवर ठेवली. ती मूळ खेळासारखीच होती. फरक एवढाच, की काही तास खेळल्यावर खेळातील कंपनीचे गेम लोक विकत न घेता फुकट उतरवून घेऊ लागत. गेम कितीही चांगला असला तरी उत्पन्न आटे आणि अखेर दिवाळे निघे. यावर काही खेळाडूंनी इंटरनेटवर तक्रार केली. खेळात प्रत-संरक्षणाचे तंत्र विकसित करता येईल का, अशी विचारणाही एकाने केली. हे सारे जण स्वतः फुकटची प्रत खेळत होते.

पहिल्या दिवसाअखेर विकत घेतलेली आवृत्ती खेळणारे २१४, तर क्रॅक प्रत खेळणारे किमान ३,१०४ जण नोंदले गेले, म्हणजे ९३.६ टक्के खेळाडूंनी पैसे दिले नव्हते. मात्र ३,१०४ प्रतींची विक्री बुडाली, असा याचा अर्थ होत नाही. फुकट मिळाले म्हणून खेळणारा प्रत्येक जण एरवी ग्राहक झालाच असता असे नाही. शिवाय ही प्रत मालकांनीच टोरेंटवर ठेवली होती. तरीही पुढच्या कामाचा खर्च कंपनीला त्या २१४ जणांच्या पैशांतूनच भागवावा लागणार होता, आणि प्रयोगाची बातमी जगभर पोहोचेपर्यंत फार थोड्यांना या खेळाचे नाव ठाऊक होते.

ऑगस्ट २०१३ मध्ये हा खेळ स्टीमवर उपलब्ध झाला. चाचेगिरीने कंपनी बुडवणारा तो प्रकार पुढे अधिकृत आवृत्तीतही 'पायरेट मोड' या नावाने, अधिक अवघड पातळी म्हणून समाविष्ट करण्यात आला.