‘मधे तर एकदम ठणठणीत होता!’

मानसोपचारतज्ज्ञासमोर पहिल्यांदा बसलेल्या घरच्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. अलिबाग असो, मुरूड असो की श्रीवर्धन. ‘‘डॉक्टर, हा आत्ताच असा गप्प झालाय हो. दिवाळीच्या आधी तर एकदम ठणठणीत होता!’’

आता या ठणठणीतपणाची जरा चौकशी करावी. रात्री दोन-तीन तास झोप आणि तरी सकाळी दमल्याचं नाव नाही. बोलणं सुरू झालं की समोरच्याला श्वास घ्यायची सवड नाही. नागावात होमस्टे काढायचा म्हणून कुणाला तरी टोकन देऊन टाकलेलं, पहिल्या बोटीचे हप्ते थकलेले असताना दुसरीची बोलणी चाललेली, आणि ‘तुम्हाला धंद्यातलं काय कळतं’ म्हणून सख्ख्या भावाशी अबोला. घरागणिक तपशील बदलतात, पण आईच्या लेखी याला ‘कामाचा उरक’ म्हणतात आणि मित्रांच्या लेखी ‘फॉर्मात असणं’. हा आजार आहे, असं कुणालाच वाटत नाही. पुढे तोच माणूस अंथरुणातून उठेनासा झाला की मग डॉक्टरची आठवण होते.

बायपोलर डिसऑर्डरबद्दलचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच: नैराश्य तेवढा आजार, आणि मधला उत्साहाचा काळ म्हणजे तब्येत सुधारली. प्रत्यक्षात तो उत्साह, म्हणजे उन्माद, आजाराचीच दुसरी बाजू आहे. एखाद्या दिवशी मूड छान असणं वेगळं. झोपेची गरजच घटलेली, विचार सुसाट, खर्चावर ताबा नाही, अशी अवस्था सलग चार दिवस टिकली तर सौम्य उन्माद आणि आठवडाभर टिकली तर पूर्ण उन्माद, अशी साधारण मोजपट्टी डॉक्टर लावतात. अमेरिकेतल्या मनोविकारशास्त्राच्या प्राध्यापक के रेडफील्ड जेमिसन यांना स्वतःला हा आजार आहे. उन्मादाच्या भरात आपण सर्पदंशावरच्या प्रथमोपचार पेट्या ढिगाने विकत घेतल्या होत्या, असं त्यांनी १९९५च्या आत्मकथनात मोकळेपणाने लिहिलंय. घेताना त्यांना ते अगदी शहाणपणाचं वाटत होतं!

हा उत्साहाचा काळ डॉक्टरांना सांगितलाच नाही, तर समोर दिसतं ते फक्त नैराश्य. मग गोळ्याही नैराश्याच्याच सुरू होतात. आणि बायपोलरमध्ये नुसत्या नैराश्यविरोधी गोळ्यांनी रुग्ण उन्मादात फेकला जाण्याचा धोका असतो. ‘गोळ्यांनी आणखी बिघडला’ ही तक्रार पुष्कळदा इथून सुरू होते, आणि खापर मात्र गोळीवर फुटतं. ज्यांना यात अतिशयोक्ती वाटते त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या रुग्णसंघटनेने २००० साली केलेल्या पाहणीत ६९ टक्के बायपोलर रुग्णांचं सुरुवातीचं निदान चुकलेलं होतं, बहुतेकदा ‘नैराश्य’ म्हणून. एक तृतीयांशाहून अधिक जणांना योग्य निदानासाठी दहा वर्षं किंवा त्याहून जास्त थांबावं लागलं. आपल्याकडचं दुखणं त्याच्याही आधीच्या टप्प्यावरचं आहे. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार बायपोलरचे सुमारे ७० टक्के रुग्ण उपचारापर्यंत पोचलेलेच नव्हते.

‘‘पण रक्त तपासून कळत असेल ना?’’ नाही. कळत नाही. स्कॅनमध्येही नाही. थायरॉइड, किडनी वगैरे तपासण्या लिहून दिल्या जातात त्या दुसरी कारणं वगळायला आणि औषध सोसेल का ते बघायला. निदान होतं ते सांगितलेल्या हकिकतीवरून, म्हणून ती हकिकत घरून नीट लिहून न्यावी लागते.

रायगडकरांना नोंदींचं मोल सांगायची खरं तर गरज पडू नये. महाडजवळच्या बिरवाडीत डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांचा घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, सारं टिपून ठेवलं. त्या पूर्वलक्षणांवरचं त्यांचं लिखाण १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि पुढे प्राझोसिनच्या उपचाराने असंख्य जीव वाचले. इथे तर वहीचं एक पान पुरतं. त्रास पहिल्यांदा कोणत्या वयात झाला, चढ केव्हा आणि उतार केव्हा, त्या त्या वेळी झोप किती होती, पैसे कुठे गेले. दारू-गांजा असेल तर तोही लिहायचा. डॉक्टर पोलीस नव्हेत. घराण्यात कुणी ‘फिरलेला’ होता का, कुणी आत्महत्या केली का, हे आजीला विचारून घ्यावं. जुन्या गोळ्यांची नावं आठवत बसण्यापेक्षा रिकाम्या स्ट्रिप्सच पिशवीत टाकाव्यात. आणि चढाचा काळ ज्याने जवळून पाहिलाय, असं घरातलं एक माणूस सोबत हवंच, कारण रुग्णाला स्वतःला तो काळ फार छान गेल्याचं आठवतं. रुग्णाला डॉक्टरांशी एकट्याने बोलायचं असेल, तर मात्र त्या माणसाने बाहेर बाकावर बसावं.

बाकीचे समज थोडक्यात. ‘एकदा गेलं की ठाण्याच्या मनोरुग्णालयात टाकतात’: बहुतेक उपचार ओपीडीतच होतात, आणि २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार संमतीशिवाय दाखल करायचं तर एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि आणखी एका डॉक्टरने किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिकाने स्वतंत्रपणे तपासावं लागतं. ‘सगळ्या झोपेच्याच गोळ्या’: लिथियम हा एक क्षार आहे, १९४९पासून या आजारावर वापरात आहे आणि झोपेची गोळी मुळीच नाही. मात्र त्याचं रक्तातलं प्रमाण तपासत राहावं लागतं. उन्हात घामाघूम होऊन काम करणाऱ्यांनी आणि अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावं, कारण दोन्हींनी ते वाढू शकतं. ‘बाईमाणसाला काय वेगळं?’: वेगळं आहे; या आजारावरच्या व्हॅल्प्रोएट या औषधाने गर्भात दोष येऊ शकतात, म्हणून मूल हवं असेल तर ते पहिल्याच भेटीत बोलावं. ‘आधी भगताला दाखवू’: त्यात जातात ते महिने आजाराच्या पथ्यावर पडतात. ‘आज बरं वाटतंय, अपॉइंटमेंट रद्द करू’: अजिबात नको, त्या दिवशी उलट नीट सांगता येतं. ‘डॉक्टरांना खरं चित्र दिसावं म्हणून आधीच्या गोळ्या चार दिवस बंद ठेवू’: हा सल्ला कोण देतं देव जाणे.

मुंबईचा डॉक्टर निवडणाऱ्यांनी एक हिशेब आधीच करावा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, आणि पुढच्या तारखा नेमक्या तिथेच चुकतात. गोळ्या जास्त दिवसांच्या मिळतील का, मधल्या भेटी अलिबागच्या सिव्हिलमध्ये किंवा फोनवर होतील का, हे पहिल्याच दिवशी विचारावं.

आणि तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली असताना मधेच रुग्ण मरणाची भाषा करू लागला, किंवा दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा न लागता तो घराबाहेर धावू लागला, तर तारखेची वाट पाहायची नाही. त्याला एकटं न सोडता जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावं. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि पलीकडून मराठीत बोलतात.